विवरात उतरण्यापूर्वी

वाचकहो, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली पांडवलेणी आपण पाहिली असतीलच. 1823 मध्ये कॅप्टन डेलामेन यांनी त्यांची नोंद केली आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे अभ्यासक तिथे येत-जात राहिले. तरीसुद्धा 2021 मध्ये, पावसाळ्यापूर्वी पाण्याचे चर साफ करताना, आणखी तीन लेणी उजेडात आली. पुस्तकांच्या नजरेतून सुटलेले ते साफसफाईच्या कामात सापडले!

लेण्यात आपण पायी शिरतो. पण जमिनीत सरळ खाली गेलेले, कोणीच न उतरलेले विवर समोर आले, तर काय करावे?

अशी विवरे आपल्या भागात विरळाच. सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो पाण्यात सहजी विरघळत नाही. चुनखडीचे मात्र तसे नाही. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगेत शिरते, आणि हजारो वर्षांत त्या भेगेची विहीर करून टाकते. मेघालयात अशा गुहा पुष्कळ. 1992 पासून तिथे देशी-परदेशी संशोधकांच्या मोहिमा चालत आल्या आहेत. जयंतिया टेकड्यांतल्या क्रेम लियात प्राह या गुहेची लांबी 30 किलोमीटरांहून अधिक भरली. ‘क्रेम’ म्हणजे खासी भाषेत गुहा. पण रानातले तोंड दाखवतो कोण? तिथलाच गावकरी. पावसाचे पाणी कुठून आत घुसते, हेही त्यालाच ठाऊक. म्हणून गावाची परवानगी आणि सोबत घेतल्यावाचून पुढे जायचे नाही, आणि जायचे ते कोरड्या ऋतूत.

आता उतरण्याची रीत पाहू. खाली कोणी नाही याची खात्री करून एक दगड सोडा आणि सेकंद मोजा. सेकंदांचा वर्ग करून सोळाने गुणा. खोली फुटांत मिळते. तीन सेकंद लागले, तर सुमारे 140 फूट. दगड मध्येच आपटला, तर तो तळ नव्हे, कपार आहे असे समजा.

मग दोर. मोटेचा नाडा आपले शेतकरी दगडावरून ओढत नसत, चाकावरून नेत. का बरे? काठावर घासून दोर तुटतो म्हणून. विवराच्या ओठावरही हीच काळजी हवी. निदान जाड पोत्याची घडी तरी दोराखाली घालावी. उतरण्याचा दोर एक, आणि कमरेला बांधून वरच्या माणसांनी धरलेला दुसरा. खोल विवरात हाक घुमते, शब्द कळत नाहीत. तेव्हा किती हिसके म्हणजे ‘थांबा’ आणि किती म्हणजे ‘ओढा’, हे वरच ठरवून घ्यावे.

सर्वांत मोठा वैरी दिसत नाही, तो म्हणजे वायू. कुजणाऱ्या पाल्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड; तो तळाशी साचून राहतो. जुनी माणसे दिवा सोडून पाहत. दिवा विझला, तर उतरायचे नाही, हे खरेच. पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक, असे मात्र नाही. काही विषारी वायू ज्योतीला कळत नाहीत. शेणाच्या खड्ड्यात तर ज्वालाग्राही मिथेन असतो, तिथे ज्योत नेणे हाच घात. आज वायू मोजणारी उपकरणे मिळतात, तीच वापरावीत.

हे सारे मेघालयापुरतेच, असे समजू नका. एप्रिल 2024 मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा... पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता.

धाडस त्या सहाही जणांत होते. उणीव होती ती क्षणभर थांबण्याची. तेव्हा विवर असो की गावची पडीक विहीर, आधी तिथल्या जाणत्याला विचारा, हवा तपासा, दोर बांधा. आणि तो दोर धरायला वर माणसे उभी असल्याशिवाय पहिले पाऊल खाली टाकू नका.