प्रबंधाचा शोधनिबंध कसा होतो?

२०१६ च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध छापून यावा लागे. २०२२ च्या नियमांत ही सक्ती निघाली. तेव्हापासून विद्यार्थी विचारतात, "सर, आता कशाला छापायचं?" प्रश्न चांगला आहे. सक्ती होती तेव्हा तो फारसा कुणी विचारत नव्हतं. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या, अशी दुकानंच निघाली होती.

माझं उत्तर असं. प्रबंध वाचतात मार्गदर्शक आणि नेमलेले परीक्षक. शोधनिबंध जातो अनोळखी माणसांपुढे, आणि तुमचं नातं, पद, कॉलेज त्यांच्या लेखी नसायला हवं. कार्ल पॉपर म्हणायचा, जे विधान खोटं ठरू शकतं तेच वैज्ञानिक. मग ते खोटं ठरवायची संधी कुणाला तरी द्यायला नको का? १६६५ साली लंडनला हेन्री ओल्डेनबर्गनं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं, तेव्हापासून ही संधी छापील रूपात मिळते आहे.

आता व्यवहाराचं बोलू. दोनशे पानं कापून वीस केली म्हणजे शोधनिबंध होत नाही. प्रबंधात पाच प्रश्न असतील तर एकच उचला. त्याला लागेल तेवढीच पद्धत आणि तेवढेच निष्कर्ष ठेवा. नियतकालिक कुठलं? तुमच्याच संदर्भसूचीत पाहा, जे वारंवार येतं ते. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं. लेखकांची नावं आणि त्यांचा क्रम लिहायला बसण्याआधीच ठरवा. नंतर त्यावरून गुरु-शिष्यांत वितुष्ट येतं. ज्यानं काम केलं नाही, त्याचं नाव आदरापोटीही घालू नका.

मग समीक्षकांची पत्रं येतात. "मोठ्या दुरुस्त्या करा" असं लिहून आलं की मुलं खचतात. अहो, तो नकार नाही! संपादकानं दार उघडं ठेवलंय. प्रत्येक आक्षेप उतरवून घ्या, खाली उत्तर लिहा, कुठल्या पानावर काय बदललं ते सांगा. पटलं नाही तर कारण देऊन नम्रपणे नाही म्हणा. समीक्षकाला तुमचं वाक्य कळलं नसेल, तर ते वाक्य पुन्हा लिहा; पुढच्या वाचकालाही ते कळणार नाही.

सक्ती गेली, हे बरंच झालं. आता छापाल ते सांगण्यासारखं काही आहे म्हणून छापाल.