तार लावायची? आधी येण्याजाण्याचं बघा

पोराच्या दातांना तार लावायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा दुखण्याचा. मला विचाराल तर गुडीहत्नूरसारख्या गावात पहिला प्रश्न येण्याजाण्याचा असायला हवा. हे काम साधारण दीड ते दोन वर्षं चालतं आणि दर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांच्या खुर्चीत बसावं लागतं. आदिलाबाद इथून वीसेक किलोमीटर, तिथे जाऊन शाळेचा अर्धा दिवस तरी वाचतो. गावावरून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेने वर गेलं की नागपूर आणि खाली गेलं की हैदराबाद. दोन्ही शहरांत शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी, पण रांग असते आणि पोराबरोबर जाणाऱ्याची मजुरी बुडते. ‘मामा हैदराबादला आहे, तिकडेच लावून घेऊ’ असं म्हणून तार बसवायची आणि मग तीन-तीन महिने फिरकायचं नाही, त्यापेक्षा जवळचा दवाखाना थोडा महाग पडला तरी परवडतो.

लहान शहरांत तार लावणारे तज्ज्ञ बऱ्याचदा महिन्यातल्या ठरावीक दिवशीच येतात. बीडीएस झाल्यावर तीन वर्षं फक्त दात सरळ करण्याच्या शास्त्राचं एमडीएस केलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट. डॉक्टर कोण, कोणत्या वारी येतात आणि मधेच काही तुटलं तर कोण बघणार, या तीन गोष्टी पैसे भरण्याआधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

पहिल्या भेटीत तार लागत नाही. जबड्याचे एक्स-रे काढतात, दातांचे ठसे किंवा स्कॅन घेतात, फोटो काढतात. जागाच नसेल तर सुळ्यामागची उपदाढ काढायला सांगतात, कधी दोन, कधी चार. इथेच बरीच घरं मागे फिरतात. चांगला दात काढायचा ही कल्पनाच आयांना सहन होत नाही. प्रत्येकाला दात काढावे लागतातच असं नाही, पण जबडा लहान आणि दात मोठे असतील तर रांग सरळ करायला जागा आणायची कुठून? कारण समजावून सांगणारा डॉक्टर भेटला की निर्णय सोपा होतो.

प्रत्यक्ष तार बसवताना मात्र फारसं दुखत नाही. गाल बाजूला धरायला प्लास्टिकची चौकट तोंडात बसवतात. दात कोरडे करून त्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचा जेल लावतात आणि काही सेकंदांनी धुतात. दात खडूसारखा पांढुरका दिसायला लागतो, कारण त्याचा पृष्ठभाग आता खरखरीत झालेला असतो. १९५५ साली बुओनोकोरे या अमेरिकन संशोधकाने ही युक्ती दाखवली. त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा चढवावा लागे. मग भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं ब्रॅकेट गोंदासारख्या लेपाने चिकटवतात, त्यावर निळा प्रकाश धरतात आणि शेवटी खाचेतून तार ओवून रबराने बांधतात. सुरुवातीची तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते. ती वाकवून बसवली तरी मूळ आकारात परतायला बघते आणि दाताला हळूहळू सोबत नेते.

दुखणं सुरू होतं ते घरी आल्यावर, रात्रीच्या जेवणाला. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकतं आणि आठवडाभरात निवतं. दाताच्या एका बाजूचं हाड दाबाने विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, त्या उलाढालीचा हा ठणका. दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. म्हणूनच ‘लग्न ठरलंय, तीन महिन्यांत करून द्या’ म्हणणाऱ्यांना कोणताही प्रामाणिक डॉक्टर हो म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून खावी, खिचडी, दहीभात, उपमा चालतो. ओठ-गालाला घासणाऱ्या ब्रॅकेटवर लावायला दवाखान्यातून मेण मिळतं, ते मागून घ्या. शक्य असेल तर हा आठवडा परीक्षेत येऊ देऊ नका. दसऱ्याच्या मोठ्या सुट्टीच्या सुरुवातीला बसवलेली बरी.

पण मग लगेच दिवाळी येते. फराळाच्या ताटातली कडक चकली, दाण्यांची चिक्की आणि कडक बुंदीचा लाडू ही ब्रॅकेट तुटण्याची नेहमीची कारणं. करंजी, बेसनाचा लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा दाणे वेचून खाता येतो. संक्रांतीला तेलुगू शेजाऱ्यांकडून सकिनालु येतात, तेही तुकडे करून, मागच्या दाढांनीच खावेत. भाजलेल्या मक्याचं कणीस दातांनी सोलायचं नाही, दाणे काढून खायचे. ऊस दोन वर्षं विसरायचा. पेरूच्या फोडी करायच्या. एक ब्रॅकेट निघालं की तो दात थांबतो आणि काम महिनाभर लांबतं. निघालेलं ब्रॅकेट फेकू नका, डबीत ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा.

घासण्याचं काम दुप्पट होतं. कडुलिंबाची काडी तारेखाली पोचत नाही. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि दातांमधल्या फटीचा बारीक ब्रश लागतोच. टाळाटाळ केली तर तार निघाल्यावर दातांवर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग उरतात, ते सहज जात नाहीत. मोठ्या वयातही तार लागते, फक्त हिरड्या निरोगी हव्यात. खर्रा चघळणाऱ्याने आधी खर्रा सोडावा, मग डॉक्टरांकडे जावं.

आणि ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं तो म्हणजे रिटेनर, सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा काढता-घालता साचा. तार निघाली, सगळे खूश झाले, आणि रिटेनर लग्नाच्या पंगतीत पत्रावळीबरोबर गेला. पहिल्या काही महिन्यांत तो जवळजवळ पूर्णवेळ आणि पुढे वर्षानुवर्षं रात्री घालायचा असतो, कारण दात मूळ जागी परतायला बघतात. जेवताना तो डबीत ठेवावा आणि गरम पाण्याने धुऊ नये, प्लास्टिक वाकतं. रिटेनरचे पैसे वेगळे की एकूण खर्चात धरलेले, तेही पहिल्याच दिवशी विचारा.

घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल तर कुठल्याही एका सुट्टीत दंतवैद्याला दाखवून आणा. बहुतेकांना त्या वयात तार लागत नाही, पण अंगठा चोखण्याची सवय, तोंडाने श्वास घेणं किंवा पुढे येणारा जबडा तेव्हाच ध्यानात येतो.