कारखान्यात जन्मलेल्या इमारती, इलाजही कारखान्यातच

ऊर्जाबचत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नव्या, चकचकीत इमारती येतात. पण खरा प्रश्न जुन्या इमारतींचा आहे. त्यांत आज माणसं राहतायत. त्या उद्या पाडता येत नाहीत. मग त्यांचं करायचं काय? आज आपण याचं उत्तर एस्टोनियात शोधू.

बाल्टिक समुद्राकाठचा हा देश, लोकवस्ती साधारण 13 लाख. सोव्हिएत काळात राजधानी टालिनमध्ये मुस्तामाए, लास्नामाए अशा मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. काँक्रीटच्या भिंती कारखान्यात ओतायच्या, ट्रकवर आणायच्या आणि क्रेननं एकमेकींना जोडायच्या. लोकांना भराभर घरं मिळाली. इंधन स्वस्त होतं, त्यामुळे भिंतीतून किती ऊब निसटते याची फिकीर कुणी केली नाही.

1991 मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढच्या काही वर्षांत फ्लॅट रहिवाशांच्या मालकीचे झाले आणि घर गरम ठेवण्याचं खरं बिलही त्यांच्याच दारात आलं. तिथं ऑक्टोबर ते एप्रिल घर तापवावं लागतं. पेन्शनवर जगणाऱ्या आजीबाईंसाठी जानेवारीचं बिल ही साधी बाब नव्हे.

उपाय तसा माहितीचा आहे: इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर द्यायचा. नेहमीच्या पद्धतीत परांची बांधायची, तक्ते चिकटवायचे, वर गिलावा करायचा. यात महिने जातात, आणि बर्फ पडला की काम बंद. एस्टोनियाच्या 2020 च्या दीर्घकालीन धोरणात 2050 पर्यंत सुमारे 14,000 अपार्टमेंट इमारती सुधारायचं उद्दिष्ट आहे. भागाकार करून बघा: वर्षाला साडेचारशेच्या वर इमारती! परांचीच्या वेगानं हे गणित सुटणार नाही. म्हणून काम कारखान्यात न्यायचं.

ते कसं? आधी लेसर स्कॅनरनं संपूर्ण इमारत मोजतात, कारण नकाशावर सरळ दिसणारी भिंत प्रत्यक्षात पुढेमागे झुकलेली असते. त्या मापानं कारखान्यात लाकडी चौकटी बनतात. त्यांत खनिज लोकर भरतात, नवी खिडकी बसवतात, बाहेरचं आवरण लावतात. मग तयार भिंत क्रेननं उचलून जुन्या भिंतीवर टांगायची. मोजमापात चूक झाली तर मात्र तुकडा जागेवर बसत नाही, आणि वाचवलेला सगळा वेळ वाया जातो.

मुस्तामाएमध्ये टालिन तंत्रज्ञान विद्यापीठाचं एक पाच मजली वसतिगृह आहे, 1986 चं. साधारण 2017-18 मध्ये त्याच्यावर हा प्रयोग झाला. त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली हवेची. जुनं घर फटींमधून श्वास घेतं. फटी बुजवल्या की स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ आतच राहते आणि भिंतीवर बुरशी येते. म्हणजे बिल कमी झालं, पण खोकला वाढला! म्हणून इथं ताज्या हवेच्या नळ्या नव्या भिंतीतच बसवल्या. बाहेर जाणारी उबदार हवा आत येणाऱ्या थंड हवेला आपली ऊब देऊन जाते. नळ्या बाहेरच्या भिंतीत असल्यानं घरातली तोडफोडही कमी होते.

दुसरी ओलीची. जुनं काँक्रीट पावसाचं पाणी धरून ठेवतं. ते ओलं असतानाच वर बंदिस्त थर चढवला, तर ती ओल नव्या लाकडात शिरते. तेव्हा आधी भिंत कोरडी ठेवायची आणि वाफ अडवणारा थर विचार करून निवडायचा. घाई इथं महागात पडते.

राहिला पैसा. तिथल्या प्रत्येक इमारतीची फ्लॅटमालकांची संस्था असते, आपल्या हाउसिंग सोसायटीसारखीच. सभेत बहुमत मिळवायचं. मग कर्ज संस्था काढते, सरकार अनुदान देतं आणि हप्ता दरमहा सगळ्यांच्या बिलातून जातो. आता सोसायटीची सभा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एकाला बाल्कनी हवी, दुसऱ्याला खर्च नको, तिसरा सभेलाच येत नाही. क्रेन येण्याआधीचं हे काम कुठल्याच कारखान्यात होत नाही.

आपल्याकडे थंडी नाही. आपला त्रास तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीचा आणि पावसाळ्यातल्या गळतीचा. त्यामुळे ती लाकडी भिंत जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. घ्यायची ती पद्धत: आधी नीट मोजा, जास्तीत जास्त काम बाहेर उरका, आणि हवा व ओल यांचा हिशेब केल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.