कोलेस्टेरॉलची गोळी, पायांचे दुखणे आणि ताकदीचा डबा

कोन आणि आसपासच्या गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या, तर गोळी सोडून ताकदीचा डबा घ्यावा का? काही जणी त्यासाठी गटातून कर्जही मागतात. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

आपल्या गोळ्यांचे पाकीट पाहा. त्यावर बहुतेक अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असे नाव असते. या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होते, त्याला ही गोळी आवर घालते. त्यामुळे हृदयविकाराचा झटका आणि लकवा यांचा धोका कमी होतो. गोळी सोडली की हे संरक्षण जाते आणि ते आपल्याला जाणवतही नाही.

मग डबा कशासाठी विकतात? आपल्या शरीरात कोएन्झाइम क्यू-१० नावाचा पदार्थ बनतो. स्नायूंना ऊर्जा मिळायला तो लागतो. स्टॅटिनमुळे रक्तातले त्याचे प्रमाण कमी होते. म्हणून तो बाहेरून घेतला तर दुखणे थांबेल, असा हिशेब. पण तपासून पाहिल्यावर हा हिशेब भरवशाने जुळला नाही. काही लहान अभ्यासांत आराम दिसला, काहींत दिसला नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शनात या दुखण्यासाठी तो सुचवलेला नाही.

ड जीवनसत्त्वाचेही तसेच. स्टॅटिन सुरू केलेल्या सुमारे २००० लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ड जीवनसत्त्व घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे, दोन्हीकडे शंभरातल्या ३१ जणांनी स्नायूंची तक्रार केली. मात्र अंगात ड जीवनसत्त्व खरोखर कमी असेल तर त्यानेच अंग दुखते. तेव्हा आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तेवढाच डोस.

इंग्लंडमध्ये ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी दिली आणि काही महिने काहीच दिले नाही. कोणती गोळी कधी, हे त्यांना सांगितले नव्हते. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. याचा अर्थ दुखणे खोटे, असा नाही. दुखणे खरेच असते, पण कारण दर वेळी गोळी नसते. आपण गोदामात दिवसभर उभ्या राहतो, भातलावणीत वाकतो, हंडे उचलतो. थायरॉइड कमी असले तरी अंग दुखते.

मग करायचे काय? दुखणे कधी सुरू झाले, दोन्ही पायांत आहे का, हे लिहून ठेवा. चालू असलेली सगळी औषधे, काढे आणि डबे पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. सीपीके, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासायचे का, ते विचारा. गोळीचेच कारण निघाले तर डोस कमी करता येतो, दुसरे स्टॅटिन देता येते, किंवा एझेटिमाइबसारखे वेगळे औषध असते. हा निर्णय डॉक्टरांचा.

पण लघवी काळ्या चहासारखी झाली, हातापायांतली ताकद गेली, किंवा ताप येऊन स्नायू फार दुखू लागले, तर थांबू नका. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. असे क्वचित होते, पण त्यात मूत्रपिंडाला धोका असतो.

आणि डबा घेण्याआधी त्यावरचे इंग्रजी लेकीकडून वाचून घ्या. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे अशा पूरक आहारावर ‘औषध म्हणून वापरायचे नाही’ या अर्थाची ओळ छापावी लागते. जे स्वतःला औषध म्हणवत नाही, त्यासाठी कर्ज कशाला? तेच पैसे तपासणीला लावू. पुढच्या बैठकीला ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी पाकीट सोबत आणा, मिळून नाव वाचू.