लहान कोण, मोठा कोण?

नांदेड जिल्हा मोठा कीं लातूर जिल्हा, असें कोणी विचारिलें, तर जाणता मनुष्य उत्तर देण्यापूर्वीं उलट विचारील : मोठा, पण कशानें? लोकसंख्येनें, विस्तारानें, कीं तालुक्यांच्या संख्येनें? संगणकाला हा प्रश्न आपण होऊन सुचत नाहीं. त्याची भाषा रचणारास त्याची तरतूद आधींच करून ठेवावी लागते.

संगणकासाठीं आज्ञावली लिहितांना एका जातीच्या नोंदींचा जो सांचा ठरवितात, त्यास 'वर्ग' म्हणतात. 'जिल्हा' या वर्गांत नांव, लोकसंख्या व तालुके अशीं तीन कलमें ठेविलीं, म्हणजे नांदेड व लातूर या एकाच सांच्यांतील दोन नोंदी झाल्या. पायथन भाषेच्या २०१८ सालच्या ३.७ या आवृत्तींत 'डेटाक्लास' नांवाची सोय आली. कलमें तेवढीं सांगावीं. वर्गाचें नित्याचें लिखाण भाषाच करून देते. एरिक स्मिथ यांनीं मांडलेल्या या योजनेंत एक प्रश्न उभा राहिला : लिहिणारानें कांहींच सांगितलें नाहीं, तर दोन नोंदींची तुलना कशी करावी?

समानतेचा निर्णय सोपा होता. दोन कचेऱ्यांतील लातूरच्या नोंदींत तिन्ही कलमें जुळलीं, तर त्या समान. मात्र लातूर हें शहराचेंहि नांव आहे. म्हणून दोन्ही नोंदी एकाच वर्गाच्या असाव्या लागतात. हा नियम न मागतां मिळतो.

लहानमोठेपणाचें तसें नाहीं. तो ठरवितांना भाषा पहिलें कलम पाहते. तें जुळलें तरच दुसऱ्याकडे वळते. पहिलें कलम नांव असेल, तर देवनागरींत 'न' हा 'ल'च्या आधीं येतो, म्हणून नांदेड लहान. तींच नांवें रोमन लिपींत लिहिलीं, कीं लातूर लहान! लोकसंख्या पहिली ठेविली, तर २०११ च्या जनगणनेंत नांदेड जिल्ह्याची ३३,६१,२९२ व लातूरची २४,५४,१९६. तेव्हांहि लातूर लहान. लिपि बदलली किंवा कलमें मागेंपुढें झालीं, कीं निकाल फिरतो, आणि चूक झाल्याची खूण कोठेंच उमटत नाहीं. अशा यादीवरून लहान जिल्ह्यास आधीं धान्य पोंचवावयाचें ठरलें, तर तें कोणाच्या दारीं जाईल, हें अक्षरांवर अवलंबून राहील.

हायनेक श्लावाक यांच्या 'अ‍ॅटर्स' या आधींच्या साधनांत असा क्रम न मागतां मिळे. डेटाक्लासनें तो नाकारला. क्रम हवा असल्यास स्पष्ट मागावा, नाहीं तर भाषा चूक दाखवून थांबते. पुढें २०२० सालीं 'अ‍ॅटर्स'च्या नव्या पद्धतीनेंहि हाच मार्ग धरिला.

हें थांबणें प्रथम अडचणीचें वाटतें. परंतु ज्या प्रश्नास एकच उत्तर नाहीं, तेथें मुकाट्यानें कांहीं तरी सांगून टाकण्यापेक्षां 'कशानें?' असें विचारणें, हेंच प्रामाणिकपणाचें होय.