मरुभूमीची खरी ठेव



राजस्थानचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, हवेल्या आणि रणांगणें उभीं राहतात, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु जेथें वर्षाकांठीं सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाहीं, त्या जैसलमेरच्या मुलखांत मनुष्य इतकीं शतकें टिकला कसा, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. त्याचें उत्तर तटबुरुजांत सांपडावयाचें नाहीं; तें पाण्याच्या व्यवस्थेंत आहे.

रावळ जैसल यानें इ. स. ११५६ मध्यें त्रिकूट टेकडीवर ही राजधानी वसविली. सिंधकडे ये-जा करणाऱ्या उंटांच्या काफिल्यांनीं तिला वैभव आणलें. पण नगराची तहान भागविली ती चौदाव्या शतकांतील गडीसर तलावानें.

गांवोगांवच्या योजना याहूनही साध्या, आणि तितक्याच चतुर. पालीवाल ब्राह्मणांनीं नांवारूपाला आणलेली ‘खडीन’ पाहा. खडकाळ उताराच्या पायथ्याशीं मातीचा एक लांब, ठेंगणा बांध घालावयाचा. पावसाचें पाणी उतारावरून धांवत येऊन बांधाच्या आंत साचतें, बरोबर गाळ आणतें आणि हळूहळू जमिनींत मुरतें. पाणी ओसरलें कीं त्या ओलीवर गहूं-हरभरा पेरावयाचा. ज्या आकाशाकडून खरिपाचीही खात्री नाहीं, त्याच्या थोडक्या सरींवर रब्बीचें पीक!

दुसरी योजना कुंईची. तिलाच कांहीं ठिकाणीं बेरी म्हणतात. तेथील भूगर्भांतलें पाणी पुष्कळ ठिकाणीं खारें असतें. परंतु जेथें वाळूखालीं जिप्समचा थर आहे, तेथें मुरलेलें पावसाचें पाणी त्या थरावर अडतें व खाऱ्या पाण्यांत मिसळत नाहीं. त्या ओलीपर्यंत एक अरुंद विहीर नेली कीं गोडें पाणी थेंबथेंब पाझरतें. दिवसाला मोजक्याच घागरी. नवी कुंई खोदावयाची तर गांवाची संमति लागे. कारण ओल तेवढीच, वाटेकरी मात्र एक वाढला. येथें शास्त्र आणि नीति हीं एकाच दोरानें बांधलेलीं आहेत.

तोच नियम झाडांना. आपण दसऱ्याला जिची पूजा करतों ती शमी म्हणजेच तिकडची खेजडी. इ. स. १७३० मध्यें जोधपूरच्या राजवाड्यासाठीं लांकूड तोडूं लागतांच खेजडली गांवीं अमृतादेवी व तिच्यामागून एकूण ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनीं झाडांना मिठी मारून प्राण दिले.

या व्यवस्थेला मर्यादा नव्हती असें नाहीं. इ. स. १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळांत असंख्य माणसें व गुरें मृत्युमुखीं पडलीं. म्हणून १९५८ सालीं काम सुरू झालेल्या आणि पुढें इंदिरा गांधींचें नांव दिलेल्या कालव्यानें पंजाबांतील हरिके येथून पाणी आणलें, तें मोठेंच उपकारक झालें. ओसाड भूमींत शेतें डुलूं लागलीं. पण बेताबाहेर पाणी दिल्यामुळें कांहीं भागांत जमिनी पाणथळ व खारट झाल्या.

जैसलमेरच्या किल्ल्याची कथाही अशीच. डोक्यावरून घागरींनीं पाणी वर नेत, तोंवर सांडपाणी तें किती असणार? घरोघर नळ आले, पाण्याचा वापर वाढला, गटारें मात्र अपुरीं पडलीं. झिरपणाऱ्या पाण्यानें टेकडीचा पाया मऊ होऊन कित्येक बुरुज ढांसळले. २०१३ सालीं इतर पांच किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादींत गेलेला हा किल्ला आजही नांदता आहे. त्यांत लोकांचे संसार आहेत. शत्रूच्या वेढ्यांनंतरही उभा राहिलेल्या या तटाला आज धोका आहे तो पाण्याचा.

कालवा नको, नळ नको, असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. परंतु जुन्या खडिनींचे बांध दुरुस्त ठेवणें आणि किल्ल्यांतील सांडपाण्याला नीट वाट करून देणें, हें मूर्ति-महाल जपण्याइतकेंच वारशाचें रक्षण होय. मरुभूमीनें आपल्या लेकरांना दिलेली खरी ठेव पाण्याची नव्हे, तर पाण्याच्या हिशेबाची आहे. आणि पाणी मुबलक झालें म्हणून हिशेब सोडून चालत नाहीं.