घोळक्यातला वेग कुणाचा?

आषाढी जवळ आली की पुणे-सोलापूर रस्त्यावर पहाटे वेगळीच रहदारी दिसू लागते. एकसारखे टी-शर्ट, मागे लाल दिवे, हँडलला छोटी भगवी पताका. पुणे, नाशिक आणि इतरही ठिकाणांहून पंढरपूरला सायकलवाऱ्या निघतात. पुण्याहून हे अंतर साधारण दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर पडते. काही गट ते एका दिवसात कापतात, काही दोन दिवसांत. त्यात रोज सायकल चालवणारे असतात, तसेच गेल्या दिवाळीत सायकल घेऊन रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर जाणारे पन्नाशीचे गृहस्थ आणि गृहिणीही असतात.

या दुसऱ्या गटातले बरेचजण निघण्याआधी विचारतात, ‘एवढे अंतर झेपेल ना?’ अंतराची काळजी चुकीची नाही. पण सराव बरा असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर संथ चालीने दिवसभरात दोनशे किलोमीटर होतात. अडचण येते ती चाल संथ राहत नाही म्हणून. एकट्याने सायकल चालवताना आपले पाय, श्वास आणि तहान मिळून वेग ठरवतात. शंभर-दोनशे जणांच्या घोळक्यात तो पुढच्याचे मागचे चाक ठरवते.

घोळक्यात शिरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांना एकच सुखद अनुभव येतो. सायकल हलकी वाटते. एरवी ताशी अठराने जाणारा माणूस बावीस-तेवीसने जातो आणि तरी दमत नाही. ‘सोबतीने उत्साह येतो’ असे आपण म्हणतो. उत्साह असतोच, पण हिशेब हवेचा असतो. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास आपली बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. पुढचा सायकलस्वार ही हवा फोडतो आणि मागच्याला आयती वाट मिळते.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सायकलस्वारांनी वापरलेला प्राणवायू मोजला होता. ताशी ३२ किलोमीटरला एकाच्या मागे राहिल्यास गरज सरासरी १८ टक्क्यांनी घटली, ताशी ४० ला २७ टक्क्यांनी आणि आठ जणांच्या गटामागे राहिल्यास तब्बल ३९ टक्क्यांनी. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठातील बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी १२१ शर्यतपटूंच्या दाट घोळक्याचे गणित मांडले. त्याच्या आतल्या भागात हवेचा विरोध एकट्या सायकलस्वाराच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, असे त्यातून दिसले. वारीचा वेग कमी आणि घोळका विरळ असतो, त्यामुळे आपला फायदा याहून बराच कमी. तरी जाणवण्याइतका असतोच.

हा फायदा म्हणजे उसनवारी आहे. यवतपर्यंत आपण ज्या वेगाला आपला समजत होतो, तो आपला नव्हता हे भिगवणच्या आसपास घोळक्यातून सुटल्यावर कळते. सगळी हवा एकदम अंगावर येते आणि त्याच वेगासाठी बरीच जास्त ताकद लागू लागते. मग माणूस जीव तोडून घोळका गाठायला जातो. दिवसातली सगळ्यात वाईट वीस मिनिटे बहुधा हीच.

घोळक्याच्या शेपटीला राहणाऱ्यांचा जाच आणखी वेगळा. जपानमध्ये एक प्रसिद्ध प्रयोग झाला, त्याचा निबंध २००८ साली आला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी ठेवल्या आणि सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरच्या एकाच वेगाने चालवायला सांगितले. सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय आडवी नाही. तरीही थोड्या वेळात कोंडी झाली आणि ती कोंडी लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. कारण साधे होते. एकाने किंचित वेग कमी केला की मागचा थोड्या उशिरा आणि थोडा जास्त कमी करतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त.

सायकलींच्या घोळक्यातही हेच होते. पुढे कुणी रम्बलरवर नुसते पाय थांबवतो आणि पन्नासाव्या सायकलला ब्रेक दाबावा लागतो. मग पुढे मोकळी जागा पडते आणि ती भरायला जोर लावावा लागतो. सायकल धरून ८५ किलो वजनाला ताशी १५ वरून २५ वर आणायला सुमारे १३०० ज्यूल लागतात. एकदा केले तर काहीच नाही. दिवसात दोनशे वेळा केले तर स्नायूंची कार्यक्षमता धरून अडीचशे-तीनशे किलोकॅलरींचा जादा खर्च, तोही झटक्याझटक्याने. गंमत अशी (अर्थात शेवटच्याला ती गंमत वाटत नाही), की आपण कच्चे आहोत म्हणून मागे राहणाऱ्यालाच असे झटके सर्वाधिक बसतात.

पडण्याचे मूळही यातच आहे. ताशी पंचवीस म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. पुढच्याने जोरात ब्रेक दाबला, तर दोन चाकांमधले एक मीटर अंतर सेकंद पुरा व्हायच्या आत संपते आणि आपला हात ब्रेककडे जायलाच जवळपास तेवढा वेळ लागू शकतो. चाकाला चाक घासले तर पडतो तो बहुतेकदा मागचा. सायकलचा तोल आपण हँडलच्या बारीक हालचालींनी सांभाळतो. तोल ज्या बाजूला जातो तिकडे पुढचे चाक वळवून पुन्हा अंगाखाली आणतो. पुढचे चाक दुसऱ्याच्या चाकाला अडले की हे वळवणेच बंद होते. पुढच्याचे मात्र मागचे चाक अडते, त्याचे हँडल मोकळे असते, म्हणून तो सावरतो. त्यामुळे आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू न देणे हा घोळक्यातला पहिला नियम. नवख्याने दोन सायकलींचे अंतर सोडावे. हवेचा थोडा फायदा जाईल, जाऊ द्यावा. पावसात, विशेषतः रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर, ओल्या रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत ते नीट धरत नाहीत. तेव्हा अंतर दुप्पट ठेवावे. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नये, त्याच्या खांद्यावरून पलीकडे ठेवावी. ‘खड्डा’, ‘स्लो’, ‘गाडी’ हे पुकारे मागेपर्यंत पोचवणे हाही तुमच्या हेल्मेटइतकाच सुरक्षेचा भाग आहे.

वेगाची ही उसनवारी नवी नाही. फ्रान्समध्ये १९०४ साली टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांनी ‘ऑडॅक्स’ पद्धतीच्या लांब पल्ल्याच्या सामूहिक सायकलफेरीचे नियम आणले. त्यात वेग ठरलेला असतो, पुढे कप्तान असतो आणि त्याला ओलांडून कुणी जायचे नाही. आजही त्या पद्धतीच्या फेऱ्यांत गट साधारण ताशी २२.५ किलोमीटरने एकत्र जातो. स्वीडनमध्ये व्हॅटर्न सरोवराला ३१५ किलोमीटरचा वळसा घालणाऱ्या, १९६६ पासूनच्या मोठ्या सायकलफेरीत वेगळी युक्ती आहे. तिथे हजारो लोकांना एकदम न सोडता लहान लहान गटांत काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. आपल्याकडे मात्र नारळ फुटला, घोषणा झाली की सगळे एकदमच सुटतात. छायाचित्र छान येते. पण वीस-पंचवीस जणांचे गट, प्रत्येकाला एक कप्तान, आणि कप्तान सर्वांत जोरकस नव्हे तर चाल सर्वांत एकसारखी असलेला, एवढे केले तरी शेपटीची धावपळ बरीच कमी होईल.

आपला वेग झेपतो आहे का हे ओळखायला घड्याळातले आकडे नसले तरी चालते. मध्यम श्रमात माणसाला बोलता येते, पण गाता येत नाही, असा डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे. वारीत तो फारच सोयीचा. पहिल्या दोन तासांत शेजाऱ्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. अभंगाची ओळ म्हणता आली तर उत्तमच. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल, तर घोळक्याला पुढे जाऊ द्यावे आणि मागून येणाऱ्या गटाला मिळावे.

खाण्यापिण्यातही घोळका आड येतो. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा सुमारे पाचशे ग्रॅमचा, म्हणजे दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास. दिवसभराच्या फेरीला तो पुरत नाही. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून पंचवीस-एक ग्रॅम मिळतात, म्हणजे तासाला केळे आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू. हे सगळ्यांना माहीत असते, पण दाट गर्दीत हँडलवरचा हात काढून खिशात घालायची हिंमत होत नाही आणि खाणे पुढच्या थांब्यावर ढकलले जाते. पाण्याचेही तसेच. महिला सायकलस्वारांच्या बाबतीत आणखी एक कारण असते, ज्याबद्दल नियोजनाच्या बैठकीत फारसे बोलले जात नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. त्याची किंमत त्या डोकेदुखी, गळाठा आणि लघवीच्या जळजळीने मोजतात. थांबे ठरवताना आधी स्वच्छतागृह आणि मग चहा पाहावा.

उलट टोकही आहे. थांब्याथांब्यावर आग्रहाने पाणी पाजले जाते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी झालेले आढळले. धोका कुणाला जास्त होता? सावकाश धावणाऱ्या आणि शर्यतीत वजन वाढेपर्यंत पाणी पिणाऱ्यांना. तेव्हा तहानेनुसार प्यावे, सोबत मीठ असलेले काहीतरी खावे. मळमळ, डोके ठणकणे, बोलण्यात गोंधळ असे दिसले तर आणखी पाणी पाजण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

बधिरपणाचा विषय लोक संकोचाने टाळतात. नॉर्वेमध्ये ट्रॉनहाइम ते ऑस्लो अशी ५४० किलोमीटरची फेरी असते. तिच्यातील हौशी सायकलस्वारांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. १६० पुरुषांपैकी ३५ जणांना जननेंद्रियाच्या भागात बधिरपणा किंवा तत्सम त्रास झाला होता आणि २१ जणांना काही काळ लिंगताठरतेची अडचण आली. बहुतेकांचे आपोआप बरे झाले, काहींना आठवड्याहून जास्त लागले. सीटवर सतत दाब पडून तिथली नस दबते. करंगळी आणि अनामिका बधिर होणे हाही असाच प्रकार, तिथे तळहाताच्या कडेची नस हँडलवर दबते. उपाय सोपा आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पॅडलवर उभे राहायचे, हातांची पकड बदलायची. पण गर्दीत नेमके हेच होत नाही, आणि ती भीती पूर्ण खोटीही नाही. सीटवरून उठताना सायकल क्षणभर मागे सरकते आणि मागच्याच्या चाकाला लागू शकते. म्हणून ‘उठतोय’ असे ओरडून, पॅडलवर जोर देत उठावे, किंवा कडेला येऊन उठावे. बधिरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही, किंवा बोटांतली ताकद कमी वाटली, तर डॉक्टरांकडे जावे.

वाऱ्याबद्दल एक सांगायला हवे. आषाढात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो आणि पुण्याहून इंदापूरपर्यंत रस्ता आग्नेयेकडे जातो. म्हणजे वारा पाठीशी. टेंभुर्णीला दक्षिणेकडे वळल्यावर तोच वारा उजव्या अंगाला येतो. आता आडोसा पुढच्याच्या थेट मागे मिळत नाही, डावीकडे तिरका मागे मिळतो, आणि सगळे नकळत रस्त्याच्या कडेच्या मातीकडे सरकू लागतात. थकलेले पाय, अरुंद कडा, मागून येणारे ट्रक. इथे आडोशाचा मोह सोडून एकेरी रांग धरावी. जे सायकलनेच परततात त्यांच्यासाठी हिशेब असा: वारा ताशी १५ चा असेल आणि तुम्ही २२ ने जात असाल, तर जाताना अंगावर ७ चा वारा लागतो आणि येताना ३७ चा. हवेचा विरोध सुमारे २८ पट. जाताना लागलेल्या वेळावरून परतीचा अंदाज बांधू नये.

राहिला हृदयाचा प्रश्न. मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयात हृदयविकार झालेला, धूम्रपान, किंवा चढावर छातीत भरून येण्याचा अनुभव, यातले काहीही असेल तर वारीच्या आठवड्यात नव्हे, दोन महिने आधी तपासणी करून घ्यावी. वाटेत छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम, डोळ्यांपुढे अंधारी यातले काही जाणवले तर ‘इंदापूरला पोचून बघू’ म्हणू नये. तिथेच थांबून मागच्या गाडीला हाक द्यावी. कुणी कोसळला, हाक दिल्यावर हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. प्रत्येक गटात हे शिकलेले किमान दोघे असावेत आणि त्यातला एक शेपटीला असावा.